उंबरठा आणि आततायी

घरात बळजबरीने शिरणाऱ्याशी गृहस्थाने कसे वागावे, या प्रश्नाचे दोन भाग पडतात. पहिला त्या क्षणापुरता असतो. दार फुटले आहे, माणूस आत आला आहे, मागच्या खोलीत मुले झोपली आहेत; आता काय करणे धर्माला धरून होईल? दुसरा भाग त्याच्या कितीतरी आधीचा. काहीच घडलेले नाही, येणारा कोण हे ठाऊक नाही, तो येईल की नाही हेही ठाऊक नाही, अशा वेळी घराने कशाची तयारी करून ठेवावी? कुलूप, कुत्रा, काठी, शेजारी, बंदूक, यांपैकी काय आणि कुठवर? शास्त्रकारांनी पहिल्या भागावर भरपूर लिहिले आहे. दुसऱ्यावर फारसे लिहिलेले नाही, आणि जे आहे ते पहिल्याच्या उत्तरांमधून काढून घ्यावे लागते. नागपूर आणि आसपासच्या मुलखात या प्रश्नाच्या बऱ्याच बाजू एकत्र आल्या आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथे लाखोंनी पंचशील स्वीकारले, पाऊणशे किलोमीटरवरच्या सेवाग्रामात गांधी राहिले, आणि २००४ साली शहराच्या कस्तुरबानगर वस्तीत हा प्रश्न पुस्तकाबाहेर पडून थेट न्यायालयात शिरला.

धर्मशास्त्रात घरावर चालून येणाऱ्याला आततायी म्हटले आहे. मूळ अर्थ, धनुष्य ताणून आलेला. मराठीने हा शब्द पुढे भलतीकडे नेला. ‘आततायीपणा करू नकोस’ हे आज उतावळ्या माणसाला सांगतात. स्मृतींमधला आततायी उतावळा नाही, तो ठरवून येतो. वसिष्ठधर्मसूत्रात त्याचे सहा प्रकार दिले आहेत: आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन आलेला, धन लुटणारा, शेत बळकावणारा आणि बायको पळवणारा. या यादीकडे नीट पाहिले तर तिचा केंद्रबिंदू गृहस्थाचे घरच आहे. त्याचे छप्पर, त्याचे अन्न, त्याची माणसे, त्याची जमीन. (बायकोला धन आणि शेत यांच्या रांगेत बसवले आहे, हेही त्या काळाच्या घराबद्दल बरेच सांगून जाते.)

अशा माणसाला मारावे की नाही? मनुस्मृतीचा आठवा अध्याय याबाबत विलक्षण रोखठोक आहे. आततायी म्हणून येणारा गुरू असो, बालक असो, म्हातारा असो की विद्वान ब्राह्मण, त्याला मारताना विचार करत बसू नये, असे तेथे म्हटले आहे. तर भगवद्गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन हाच शब्द वापरून नेमके उलटे बोलतो: हे आततायी आहेत हे खरे, तरी यांना मारून पापच लागेल. एकाच शब्दावरून दोन टोकांचे निष्कर्ष निघाल्यावर टीकाकारांना मध्ये पडणे भाग होते. त्यांत महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा टीकाकार विज्ञानेश्वर. चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणात, अकराव्या-बाराव्या शतकाच्या सांध्यावर त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली आणि पुढे आठ-नऊशे वर्षे मराठी मुलखातल्या घरांच्या वाटण्या तिच्याच आधाराने होत राहिल्या. आततायी ब्राह्मणाची चर्चा करताना विज्ञानेश्वर मनूचा जोर कमी करतो. त्याच्या मते तो मारण्याचा आदेश नव्हे, स्वसंरक्षणाचे महत्त्व ठसवणारे बोलणे आहे. स्वतःला वाचवण्यासाठी, मारण्याचा हेतू मनात न ठेवता आततायीला अडवले आणि त्या झटापटीत चुकून तो दगावला, तर प्रायश्चित्त हलके, आणि राजाचा दंड नाही.

येथे हेतूला आलेले महत्त्व लक्षात ठेवण्यासारखे आहे. तेराव्या शतकात युरोपात थॉमस अक्वायनस जवळपास याच जागी येऊन पोचला. एकाच कृतीचे दोन परिणाम असू शकतात, स्वतःचा जीव वाचणे आणि हल्लेखोराचा जाणे. पहिला हेतू असेल, दुसरा नसेल आणि बळ गरजेपुरते असेल, तर ती कृती निषिद्ध नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता.

दुसरा धागा रात्रीचा आहे. यहुदी धर्मग्रंथातील निर्गम या भागात नियम आहे की भिंत फोडून शिरणारा चोर मारला गेला तर मारणाऱ्यावर रक्ताचा दोष नाही. मात्र सूर्य उगवल्यानंतर मारले तर दोष आहे. रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्यात, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, रात्रीच्या चोराला मारण्याची मुभा होती. दिवसाच्या चोराला मात्र त्याने शस्त्र उगारले तरच. भारतीय दंड संहितेने १८६० साली हाच भेद ठेवला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ मध्येही तो आहे. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी होणारी घरफोडी रोखताना आवश्यकच असेल तर मृत्यू घडवण्यापर्यंत हक्क पोचतो. दिवसाढवळ्या कोणी घरात शिरला तर एवढ्यावरून तो हक्क मिळत नाही; जिवाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असावी लागते.

अंधाराने असे काय बदलते? तालमूदमधील उत्तर मानसशास्त्रीय आहे. घरमालक आपल्या वस्तूंसाठी झगडेल हे चोराला ठाऊक असते, तरीही तो येतो, म्हणजे झगड्यात मारण्याची त्याची तयारी आहे. म्हणून मालकालाही मुभा. आणि लगेच एक अपवाद जोडला आहे: मुलाच्या घरात चोरी करायला बाप शिरला असेल तर मुलाने त्याला मारू नये, कारण बाप मुलाच्या जिवावर उठणार नाही असेच गृहीत धरायचे. दुसरे उत्तर अधिक व्यावहारिक आहे. दिवसा साक्षीदार असतात, शेजारी जागे असतात, हाक मारली तर कोणी येते. रात्र म्हणजे घड्याळातली वेळ कमी आणि मदत नसण्याची अवस्था जास्त. न्याय संहितेच्या कलम ३७ मधून हेच दिसते: सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्याइतका अवधी असेल तर खासगी बचावाचा हक्क नाही, आणि असेल तेव्हाही गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. मॅकॉलेने १८३७ साली दंड संहितेचा मसुदा मांडला तेव्हा त्याच्या टिपणात या देशातले लोक दरोडेखोरांपुढे फार निमूटपणे मान तुकवतात असा सूर होता, आणि म्हणून हा हक्क जरा सैल हातानेच द्यावा असे त्याचे मत होते. हा हक्क म्हणजे, आपण प्रत्येक दारात वेळेवर पोचू शकत नाही, याची राज्याने दिलेली कबुलीच म्हणायची.

मराठी घरात तिन्हीसांजेला दिवा लावून पुढचे दार थोडा वेळ उघडे ठेवण्याची रीत आहे. त्या वेळी लक्ष्मी येते म्हणतात. कायद्याची रात्र नेमकी तेव्हाच सुरू होते. पुराणातल्या नरसिंहानेही दिवस नाही आणि रात्र नाही अशाच वेळी, आत नाही आणि बाहेर नाही अशा उंबरठ्यावर दैत्याला मारले. पाहुणा, देव आणि चोर तिघेही एकाच दाराने येतात. गृहस्थधर्माची सगळी अडचण या एका वास्तवात आहे. इस्लामने दाराचा नियम आधी येणाऱ्यावर घातला: कुराणाच्या अन्‌-नूर या अध्यायात परवानगी मागितल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकू नये अशी आज्ञा आहे. मालमत्तेचे रक्षण करताना मेलेला शहीद, असे हदीस सांगते. पण फकीहांनी, म्हणजे इस्लामी विधिज्ञांनी, त्याला पायऱ्या लावल्या: सर्वांत सौम्य उपाय आधी, तो चालला नाही तरच पुढचा.

अहिंसेला पहिले व्रत मानणाऱ्या परंपरांपुढे हा प्रश्न अधिक टोकदार होतो. जैन आचार्यांनी तो टाळला नाही. हिंसेचे त्यांनी चार भाग केले: संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली, आरंभी, म्हणजे चूल, पाणी, झाडलोट यांत अटळपणे होणारी, उद्योगी, म्हणजे शेती-व्यवसायातली, आणि विरोधी, म्हणजे आक्रमण रोखताना होणारी. मुनीला चारही वर्ज्य. श्रावकाने, म्हणजे गृहस्थाने, संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची. बाकीच्या तीन शक्य तितक्या कमी करायच्या. संन्याशाला राखायला घर नसते, म्हणून त्याचा नियम सरळ आहे. गृहस्थाच्या मागे माणसे आहेत, म्हणून त्याच्या नियमाला वळणे आहेत.

बुद्धाचे उत्तर मनाकडे जाते. मज्झिमनिकायातील ककचूपम सुत्तात दरोडेखोर दोन मुठींच्या करवतीने एकेक अवयव कापत असतानाही ज्याच्या मनात द्वेष उपजला तो माझ्या शिकवणीप्रमाणे वागत नाही, अशी कठोर कसोटी घातली आहे. ती भिक्षूंना उद्देशून आहे आणि तिचा विषय द्वेष आहे. दार लावावे की नाही याविषयी ती काही सांगत नाही. गृहस्थ उपासकांसाठी या प्रश्नाची फोड केली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला. बुद्धाने इच्छेला विरोध केला, गरज उरतच नाही असे म्हटले नाही. अहिंसा हा त्यांच्या मते नियम नसून तत्त्व आहे. नियम माणसाला बांधतो, तत्त्व विचार करायला जागा ठेवते. नागपूरच्या दीक्षाभूमीवर १९५६ साली पंचशील घेतलेली बहुतेक माणसे अशा वस्त्यांतून आली होती जिथे दाराला कडी असली तरी ती बाहेरच्या जोरापुढे टिकेल याची शाश्वती नव्हती. त्यांच्यासाठी हा भेद काथ्याकूट नव्हता.

गांधींनी ‘हिंद स्वराज’मध्ये, १९०९ साली, चोराचे उदाहरण सविस्तर घेतले आहे. घरात शिरलेला चोर आपला बाप असेल तर आपण एक करू, ओळखीचा असेल तर दुसरे, अनोळखी सशस्त्र असेल तर तिसरे. मग साधन चोरावर ठरते की आपल्या भीतीवर? तालमूदमधला बाप येथे पुन्हा भेटतो. पुढे ते दोन वाटा रंगवतात. एका वाटेवर घरमालक संतापून शेजाऱ्यांची फौज जमवतो, चोर मोठी टोळी आणतो, आणि सगळा गाव होरपळतो. दुसऱ्या वाटेवर तो चोराला अडाणी भाऊ समजतो, दारे-खिडक्या उघडी ठेवतो, वस्तू हाताशी येतील अशा मांडतो, आणि चोर गोंधळून अखेर वरमतो. सगळेच चोर असे वरमतील असा आपला दावा नाही, हे गांधींनीच तेथे जोडले आहे. त्यांच्या टीकाकारांना हे वाक्य बहुधा आठवत नाही. तसेच ११ ऑगस्ट १९२० च्या ‘यंग इंडिया’तील लेखात, भ्याडपणा आणि हिंसा यांतूनच निवडायचे असेल तर मी हिंसा निवडायला सांगेन, असे त्यांनी लिहिले, आणि उदाहरण घरातलेच दिले. १९०८ साली त्यांच्यावर जीवघेणा हल्ला झाला तेव्हा आपण तेथे असतो तर काय करायला हवे होते, असे थोरल्या मुलाने विचारले. पळून न जाता, बळ वापरूनही बापाला वाचवणे हे तुझे कर्तव्य होते, असे त्यांचे उत्तर होते. स्वतःपुरता मार सोसणे आणि दुसऱ्याला पडणारा मार पाहत राहणे या गोष्टी त्यांनी एक मानल्या नाहीत.

वारकरी परंपरेतही दोन्ही सूर आहेत. महिपतींनी सांगितलेल्या कथेत पैठणला एकनाथांच्या वाड्यात चोर शिरतात, देवघरापाशी त्यांची दृष्टी जाते, नाथ ती परत मिळवून देतात आणि गोळा केलेले सामान तर न्याच, म्हणून बोटातली अंगठीही काढून देतात. तुकोबांनी मात्र दयेच्या व्याख्येत दुर्जनांचा बंदोबस्तही घातला. नाथांच्या कथेत एक गोष्ट सहज निसटते. चोरांनी भांडी उचलली होती. माणसांवर हात टाकलेला नव्हता. वस्तू आणि माणूस यांतला फरक ज्याला आधीपासून स्पष्ट आहे, त्यालाच इतके सैलपणे देता येते. घराच्या तयारीतला पहिला निर्णय हाच असावा लागतो, आणि तो दिवसाउजेडी, शांतपणे घ्यावा लागतो: काय देऊन टाकायचे आणि कशासाठी आडवे उभे राहायचे. सोने कपाटात ठेवून उशाशी कोयता ठेवण्यापेक्षा सोने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे हा अपरिग्रहाचा अगदीच व्यवहारी अवतार आहे, पण आहे खरा.

आता तयारीचा प्रश्न. वरच्या बहुतेक परंपरांनी हेतूवर भर दिला: संकल्प नसावा, मारण्याचा हेतू नसावा, इच्छा नसावी. अचानक घडलेल्या झटापटीत हे शक्य आहे. पण ज्याने सहा महिन्यांपूर्वी कोयत्याला धार लावून घेतली, तो कुठे ठेवायचा हे ठरवले, अंधारात हात कसा जाईल याचा सराव केला, त्याची हिंसा विरोधी राहिली की संकल्पी झाली? जैन वर्गीकरणाला हा प्रश्न अवघड जातो. त्याचे एक उत्तर असे देता येते की तयारी दोन जातींची असते. एका जातीची तयारी कोणालाही इजा न होता पूर्णत्वाला जाते. अडसर, कडी-कोयंडा, अंगणातला दिवा, भुंकणारा कुत्रा, शेजाऱ्याचा नंबर, मुलांना सांगून ठेवलेली मागची वाट, ११२ हा आकडा; यांचे यश म्हणजे काहीच न घडणे. दुसऱ्या जातीची तयारी इजा झाल्यावरच पूर्ण होते. पहिल्या जातीची कितीही केली तरी तिला संकल्पी हिंसा म्हणता येत नाही. दुसरी थोडीशी केली तरी हेतूचा हिशेब त्याच दिवसापासून सुरू होतो. आंबेडकरांच्या भाषेत, पहिली मारण्याची गरज कमी करते. दुसरी नकळत इच्छेला खतपाणी घालते.

जुन्या वाड्यांची रचना पहिल्या जातीची होती. भोसलेकालीन नागपुरात, महालासारख्या भागात, सरदार-मुत्सद्द्यांचे वाडे उभे राहिले. अशा वाड्याच्या मोठ्या दरवाजात एक लहान दिंडी दरवाजा असे. त्यातून शिरायचे तर वाकावे लागते, आणि वाकलेला माणूस एका वेळी एकच येतो, तोही मान पुढे करून. आत देवडी, तिथे पहारेकरी. मग चौक. येणाऱ्याला थांबवून, पाहून, ओळखून आत घेण्याची ही पायरीपायरीची व्यवस्था होती, पाहुण्यासाठीही तीच. आजच्या फ्लॅटमधला सेफ्टी डोअर आणि आयहोल हे दिंडी आणि देवडीचेच आक्रसलेले वंशज. नागपूरच्या उन्हाळ्याने मात्र या साऱ्याला एक भोक ठेवले आहे: मे महिन्यात कूलर खिडकीत बसवायचा म्हणजे खिडकी मोकळी करावी लागते, आणि गच्चीवर झोपायचे तर खालचे घर रिकामे राहते.

दुसऱ्या जातीच्या तयारीचे टोक म्हणजे सापळा. घराभोवती विजेची तार सोडून झोपणाऱ्याचा हेतू काय? या बाबतीत कायदा धर्मशास्त्राइतकाच नेमका झाला आहे. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात एकाने आपल्या शौचकूपाभोवती उघडी विजेची तार लावली होती; शेजारच्या एका बाईचा तिला हात लागून मृत्यू झाला. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगी बचावाचा हक्क येथे लागू होत नाही असे ठरवून शिक्षा कायम केली. विनापरवानगी शिरणारा माणूसही कायद्याच्या बाहेर पडत नाही. तारेला रात्र आणि दिवस कळत नाही, चोर आणि शेजारीण कळत नाही, पळणारा आणि मारायला येणारा कळत नाही. वर पाहिलेल्या प्रत्येक परंपरेने त्या क्षणीच्या ज्या विवेकावर सारी भिस्त ठेवली, तो विवेकच सापळ्यात नसतो. विदर्भात रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणात वीज सोडतात आणि तिच्यात माणसे दगावतात, हे वर्तमानपत्रांत अधूनमधून येतच असते. बंदुकीचा मार्ग भारतात मुळातच अरुंद आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना सक्तीचा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन बंदुका अशी मर्यादा आली. १६०४ सालच्या सेमेनच्या खटल्यात इंग्रज न्यायविद एडवर्ड कोक याने घराला किल्ला म्हटले त्या कल्पनेवर पुढे अमेरिकेत मोठी इमारत उभी राहिली. भारतीय कायद्यात घर किल्ला नाही. ते मदत पोचेपर्यंतची आडोशाची जागा आहे.

तयारीचा आणखी एक खर्च असतो, तो संशयाचा. येणारा कोण हे ठाऊक नसल्याने मन त्याला चेहरा देते, आणि तो चेहरा बहुधा गरिबाचा, परक्याचा, भटक्याचा असतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांना जन्मतःच चोर ठरवले. तो कायदा गेला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ते विमुक्त झाले, पण घरफोडी झाली की पहिल्यांदा पारध्यांच्या पालावर जाण्याची सवय गेली नाही. गावगाड्यातली विसंगती तर अधिक बोलकी आहे. वेशीची राखण महाराकडे असे, त्याला वेसकर म्हणत. रात्रभर साऱ्या गावाची दारे सांभाळणाऱ्याचे स्वतःचे घर मात्र वेशीच्या बाहेर.

संशयाची तयारी गावभर पसरली की काय होते, हे महाराष्ट्राने अलीकडे दोनदा पाहिले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे, टाळेबंदीत चोरांच्या अफवा पसरलेल्या असताना, दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. दोन्ही ठिकाणी जमणाऱ्यांना आपण गाव राखत आहोत असेच वाटत होते. राईनपाड्यात दिवस होता. गडचिंचल्यात रात्र होती, पण पोलीस समोर होते. मेलेले कोणाच्या उंबरठ्याच्या आतही नव्हते. वसिष्ठाच्या यादीतला एकही प्रकार, निर्गमातली एकही अट, न्याय संहितेचे एकही कलम तेथे लागू पडत नाही.

कस्तुरबानगरचे तसे नाही, आणि म्हणूनच ते प्रकरण अवघड आहे. उत्तर नागपुरातील या बहुसंख्य दलित वस्तीत अक्कू यादव नावाच्या गुंडाची दहा वर्षांहून अधिक काळ दहशत होती. खंडणी, मारहाण, घरात घुसून बायकांवर अत्याचार, खून असे त्याच्यावरचे आरोप होते. तक्रारीला जावे तर तक्रारदाराचे नाव त्याच्याच कानावर जाते, असे वस्तीचे म्हणणे होते. १३ ऑगस्ट २००४ रोजी त्याला जामिनाच्या सुनावणीसाठी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात आणले, तो सुटणार अशी बातमी वस्तीत पसरली होती, आणि न्यायालयाच्या दालनातच जमावाने त्याला तिखट, दगड आणि सुऱ्यांनी मारले. जमावात सुमारे दोनशे बायका होत्या, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. खटला दहा वर्षे चालला आणि २०१४ साली आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले.

या निकालाने धर्माचा प्रश्न सुटत नाही, कारण न्यायालयाने तो विचारलाच नव्हता; कोणी मारले हे सिद्ध झाले नाही, एवढेच ठरले. कसोट्या लावून पाहिल्या तर त्या दुपारचा अक्कू यादव आततायी नव्हता. तो कोणाच्या घरात नव्हता, पोलिसांच्या ताब्यात होता, दिवस होता, आणि जागा तर न्यायाचीच होती. विज्ञानेश्वराची हेतूची अटही पाळली गेली नाही. सुऱ्या घरून आणलेल्या होत्या. तरीही रात्र म्हणजे मदत नसण्याची अवस्था, हा अर्थ घेतला तर एक अडचण उरतेच. जिथे दहा वर्षे हाकेला कोणी आले नाही, तिथे सूर्य केव्हा उगवला म्हणायचे? न्यायालयाच्या दारातून तो पुन्हा वस्तीत परतणार असे ज्यांना वाटत होते, त्यांच्या लेखी त्या दालनातही अंधारच होता. हे त्यांचे वाटणे समजून घेता येते. त्याला बचावाचा हक्क म्हणता येत नाही, कारण मग हीच सबब राईनपाड्यालाही लागू होते. पोलीस येतील असे वाटत नव्हते, असे तिथला जमावही म्हणू शकतो.

त्या हत्येइतकी चर्चा न झालेली एक घटना तिच्या थोडी आधी वस्तीत घडली होती. शिकून वर आलेल्या एका तरुणीने टोळीविरुद्ध तोंड उघडले म्हणून टोळीने तिच्या घराला वेढा घातला आणि तिला ॲसिडची धमकी दिली. तिने दार आतून लावून अडवले, स्वयंपाकघरातली गॅसची टाकी उघडली, हातात काडी धरली आणि दार फोडले तर सगळ्यांसकट उडवून देईन असे सांगितले. येथे मात्र प्रत्येक अट पुरी होते. आक्रमण उंबरठ्यावर आहे, मदत नाही, पळायला वाट नाही, साधन नेमके त्या क्षणी हाताशी आलेले आहे आणि रोजच्या भाकरीचे आहे.

अडचण एकच आहे, स्फोटाची. टाकी फुटली असती तर खेटून असलेल्या घरांतली माणसेही गेली असती. दंड संहितेच्या कलम १०६ मध्ये, आता न्याय संहितेच्या कलम ४४ मध्ये, अशाच पेचाचा विचार आहे. जिवावर बेतलेल्या हल्ल्यात निरपराध माणसाला धोका पोचवल्याशिवाय बचाव करताच येत नसेल, तर तो धोका पत्करण्यापर्यंत हक्क जातो. दृष्टांत जमावाने घेरलेल्या आणि जमावात मिसळलेल्या मुलांना इजा होण्याची शक्यता असूनही गोळी झाडणाऱ्या माणसाचा दिला आहे. कायदा येथे हात आखडता घेत नाही. विज्ञानेश्वराची अट लावली तर तिचा हेतू अडवण्याचा होता, आणि धमकी खरी असल्याखेरीज ती अडवू शकत नव्हती. जैन विचार मात्र येथे अडखळेल, कारण शेजारी आक्रमक नव्हते आणि त्यांची हिंसा विरोधी हिंसेच्या खात्यात बसत नाही.

गॅसचा वास पसरला तशी टोळी बिचकली. शेजारी घराबाहेर पडून दगड मारू लागले आणि टोळी पळाली. काडी पेटवावी लागली नाही.